तीन सिलिंडरांची व्हॅगोनेटा

पाद्रीबाबांनी फुलांचा झुपका बादलीत बुडवून वर उचलला आणि दॉन सेवेरोंना राहवलं नाही.

"पाद्रे, अर्धीच बादली पुरे!" ते मोठ्यानं म्हणाले. "इंजिनही अर्धंच आहे."

सरोवराकाठच्या कोपाकाबानाच्या देवळासमोर आशीर्वादासाठी गाड्या घेऊन आलेले सगळे हसले. पाद्रीबाबाही गालातल्या गालात हसले, पण पाण्याला त्यांनी हात आखडता घेतला नाही. बॉनेटवर शिंपडलं, चाकांवर शिंपडलं, टपावरच्या ग्लॅडिओलसच्या माळांवर शिंपडलं, आणि शेवटचा फवारा दॉन फोर्तुनातो कायिसायांच्या नव्या टोपीवर गेला. फोर्तुनातोंनी टोपी पुसली नाही. हसले तर नाहीतच. नुकत्याच बदललेल्या गुडघ्यावर भार नको म्हणून ते मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि तो हात आधारासाठी आहे की जरबेसाठी, हे झुल्माला काही केल्या कळेना.

सेवेरोंना ती उलट बोलली नाही. बोलिव्हियाच्या उंच पठारावरच्या एल आल्तो शहरात ज्यांचे मालट्रक धावतात ते दॉन सेवेरो युह्रा हे पापांचे कोम्पाद्रे, म्हणजे धर्माच्या नात्यानं भाऊच, आणि या नव्या गाडीचे धर्मपिताही तेच. बाळाच्या नामकरणाला धर्मपिता बोलावून मग त्याच्याशी भांडत नाहीत, तसंच गाडीचं. शिवाय सेवेरो एखाद्या गाडीला बरं म्हणाले की पठारावरचे निम्मे ट्रकवाले दुसऱ्या दिवशी तीच मागायला येतात. आज ते स्वतःची आठ सिलिंडरांची जुनी व्हॅगोनेटा, म्हणजे घरदार मावेल अशी उंच मोटार, घेऊन मुद्दाम मागोमाग आले होते. मजा बघायला.

मजा बघण्यासारखंच होतं म्हणा. एल आल्तोतलं कायिसायांचं गाड्यांचं दुकान चाळीस वर्षं एकाच वाक्यावर चाललं होतं. 'आपल्याकडे हवा पातळ, इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद उंचीच खाते, म्हणून मोठं घ्या.' हे वाक्य फोर्तुनातोंनी दुकानाच्या दारावर रंगवून घेतलं होतं. सहा सिलिंडर मागायला आलेला माणूस आठ घेऊन जायचा आणि वर यांचेच आभार मानायचा. असा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात पडलेला असताना त्याच्या लेकीनं इकीकेच्या बंदरातून नऊ व्हॅगोनेटा मागवल्या. सात जणांच्या, दिसायला भारदस्त, आणि बॉनेटखाली तेराशे सीसीचं तीन सिलिंडरांचं टर्बो इंजिन. फोर्तुनातो कुबडी टेकत दुकानात आले, बॉनेट उचलून बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, "बाकीचं इंजिन कुठंय?"

त्यावरून घरात मोठं रामायण झालं. शेवटी म्हाताऱ्यानंच निवाडा दिला. नऊतली एक गाडी देवीपुढं न्यायची. घरचे सगळे तिच्यातच बसणार. परतताना मागं सामान भरायचं आणि घाट चढायचा. येतानाचा चढ धरायचा नाही, कारण तेव्हा गाडी रिकामी होती. परतीचा घाट गाडी भरल्या सामानानिशी चढली, तर दुकान झुल्माच्या हाती. नाही चढली, तर नऊच्या नऊ बंदरात परत, आणि दुकान रुबेनचं.

रुबेन म्हणजे थोरला. शाळेत असल्यापासून दुकानात उभा, गोडबोल्या, गिऱ्हाईक दारातून रिकामं जाऊ न देणारा. धाकटी बहीण यंत्राचं शिकायला विद्यापीठात गेली तेव्हा तिची ट्रंक यानंच उचलून नेली होती. ती परत येऊन आपल्या डोक्यावर बसेल, असं मात्र त्याच्या मनात आलं नव्हतं.

"चला," फोर्तुनातो म्हणाले. "देवीचं झालं. आता मातीचं करू."

मातीचं करायला, म्हणजे धरणीमातेला तिचा वाटा द्यायला, सगळे सरोवराच्या काठावर आले. बाटल्या फुटल्या, फटाके लागले, चारही चाकांवर बिअर ओतून झाली. रंगीत कागदाच्या टिकल्यांना आमच्यात मिस्तुरा म्हणतात. तिची अख्खी पिशवी रुबेनच्या बायकोनं, योलानं, सासऱ्यांच्या डोक्यावर रिकामी केली. मग इंजिनालाही त्याचा वाटा मिळावा म्हणून बॉनेट उघडलं गेलं.

झुल्माची आई, दोन्या बासिलिया, बॉनेटपाशी एकट्याच उभ्या राहिल्या. बाकीचे सेवेरोंच्या बाटलीभोवती जमले होते. बासिलियांनी घेरदार पोल्येरा घागऱ्याची कड सावरली, डोक्यावरची गोल टोपी नीट केली आणि आत वाकून पाहिलं.

एवढंसं इंजिन. आजूबाजूला नुसती रिकामी जागा. जुन्या गाडीत कसं, बॉनेट उघडलं की सगळं ठासून भरलेलं दिसायचं, बघूनच पोट भरायचं. हे बिचारं कोपऱ्यात बसल्यासारखं. बासिलियांना एकदम झुल्माच आठवली, जन्मली तेव्हा अशीच होती, वीतभर. सुईण म्हणाली होती, जगली तर जगली.

दुकानाच्या भांडणात बासिलियांनी एका शब्दानं कुणाची बाजू घेतली नव्हती. "मला गाड्यांतलं काय कळतंय," एवढंच प्रत्येकाला सांगितलं होतं. नवऱ्याला दुखवायचं नव्हतं, रुबेनला तर नाहीच. पण आपली पोरगी जिंकावी असं त्यांना इतकं वाटत होतं, इतकं वाटत होतं, की रात्री उशीला तोंड लावून त्या देवीशी बोलायच्या.

आणि तेवढ्यात त्यांना ते तोंड दिसलं. पुढच्या जाळीच्या अगदी मागं, वरच्या अंगाला, चपटं, रुंद, काळं, चांगलं आ वासलेलं.

"भूक लागली होय गं तुला," बासिलिया हळूच म्हणाल्या.

त्यांनी आपल्या पिशवीतली मूठभर मिस्तुरा त्या तोंडात घातली. मग कोकाची पानं, निवडून निवडून, न फाटलेली. मग साखरेची गुलाबी वडी, जिच्यावर मोटारीचं चित्र होतं. तोंडानं सगळं निमूट घेतलं. बासिलियांना बरं वाटलं, म्हणून पिशवीत उरलेली मिस्तुराही त्यांनी बोटांनी आत लोटली, अगदी कोपरापर्यंत हात घालून.

"खा. पोटभर खा. माझ्या पोरीची लाज राख."

त्यांनी हात बाहेर काढला आणि वळल्या, तर समोर रुबेन उभा होता, हातात बिअरचा ग्लास.

"काय करतेस गं आई?"

"काही नाही. भरवलं थोडं."

रुबेन काही यंत्राचं शिकलेला नव्हता, पण जन्म गाड्यांत गेलेला. ते तोंड कशाचं आहे हे त्याला ठाऊक होतं. इंजिन श्वास घेतं ते तिथून. 'अगं, काढ ते' असे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. तिकडं झुल्मा पापांना काहीतरी समजावून सांगत होती, आणि पापा, जे रुबेनचं बोलणं अर्ध्यातच तोडायचे, ते मान तिरकी करून ऐकत होते.

कागद तर आहे, रुबेननं स्वतःला सांगितलं. कागदानं काय होतंय! आणि त्यानं स्वतःच्या हातानं बॉनेट खाली पाडलं.

मग त्यानं मागचं दार उघडून सामान भरायला घेतलं. बाकल्याच्या शेंगांची पोती, बटाट्याची पोती, बिअरचे क्रेट, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले ट्राउट.

"अहो, एवढ्या शेंगा खाणार कोण?" योला म्हणाली.

"परीक्षा आहे, योला. परीक्षेला पेपर सोपा नसतो काढायचा."

"मग परीक्षकांनी मागं शेंगांवर बसावं," योलानं सुनावलं आणि मधल्या रांगेतली चांगली जागा पटकावली. सासूबाई तिच्या शेजारी बसल्या. रुबेनच्या वाट्याला खरंच पोती आली.

गाव संपेपर्यंत गाडी झकास चालली. फोर्तुनातो पुढच्या सीटवर, गुडघा लांब करून, हात मांडीवर. झुल्मा स्टिअरिंगवर. टपावरच्या माळा फडफडत होत्या.

"येताना विचारलं होतंत ना, छोटं इंजिन इथं कसं चालणार," झुल्मा म्हणाली. "पापा, मोठं इंजिन म्हणजे मोठं पातेलं. पण आपल्याकडे हवाच कमी, म्हणून ते कायम अर्धंमुर्धं रिकामं. हे पातेलं छोटं, पण याच्यात दाबून भरतात. बाहेर जाणारा धूर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र आत हवा कोंबतं. उंचीला खायला काही उरतच नाही."

"पातेलं," फोर्तुनातो म्हणाले. "स्वयंपाक करतेस का गाडी विकतेस?"

"दोन्ही येतं मला."

मागून योला फिसकन हसली. म्हाताऱ्याच्याही ओठाचा कोपरा हलला, आणि झुल्माला वाटलं, जमतंय.

पहिलं वळण आलं. झुल्मानं पाय दाबला. गाडीनं एक लांब उसासा टाकला आणि वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला.

तिनं गिअर खाली घेतला. इंजिन किंचाळलं, पण जोर नाही. दुसऱ्या वळणावर शेजारून चालणारी मेंढरं त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. तिसऱ्या वळणाला पिवळा दिवा पेटला.

"दिवा कसला?" फोर्तुनातोंनी विचारलं.

"इंजिनाचा."

"ते दिसतंय मला. काय म्हणतोय तो?"

झुल्मानं एकेक काटा तपासला. ह्याच गाडीनं पठारावर तिनं किती वेळा चाचणी घेतली होती, पाण्याची पिंपं भरून, आणि एकदाही ही अशी वागली नव्हती. मागून भोंगा वाजला. दॉन सेवेरोंची आठ सिलिंडरांची व्हॅगोनेटा, सहा नातेवाइकांसकट, धूर सोडत शेजारून वर गेली. खिडकीतून सेवेरोंनी टोपी काढून अदबीनं नमस्कार केला. पुढच्या वळणाच्या अलीकडं झुल्माची गाडी पाय ओढत बाजूला गेली आणि बंद पडली.

खाली सरोवर निळंशार पसरलं होतं, आणि त्या क्षणी झुल्माला त्याचा रागच आला.

सेवेरो वर थांबले होते. ते चालत खाली आले, हातात जाड दोरखंड.

"घेऊन ठेवला होता हो," ते म्हणाले. "म्हटलं, धर्मपित्याचं कर्तव्य आहे. वरपर्यंत ओढतो, उताराला काय, ढकलगाडीसुद्धा जाते."

झुल्मा बॉनेट उघडून वाकली होती. हातातल्या छोट्या यंत्रावर ती आकडे बघत होती. "हवा कमी पडतेय," ती स्वतःशीच म्हणत होती. "टर्बो फिरतोय, पेट्रोल येतंय, हवाच नाही. का पण? पाइप नीट आहेत. कुठं गळत नाहीये…"

"मी सांगत होतो ती हीच हवा," फोर्तुनातो म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. आवाज थकलेला होता. "तू मनापासून केलंस पोरी. पण चाळीस वर्षं मी इथं गाड्या विकल्यात. कोम्पाद्रे, बांधा दोर."

"पापा, थोडा वेळ द्या मला."

"सगळा घाट बघतोय, झुल्मा. बांधा हो."

रुबेन शेंगांच्या पोत्यावरून खाली उतरला होता. त्याला हवं तेच झालं होतं. एक दोर बांधायचा अवकाश, दुकान त्याचं. दारावर पापांनी रंगवलेलं वाक्य तसंच राहणार होतं, आणि त्याला फक्त ते दर सणाला नव्यानं रंगवायचं होतं. त्यानं बहिणीकडं पाहिलं नाही. पाहायचं टाळूनच त्याची नजर आईवर गेली.

बासिलिया रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. टोपी हातात. ही बाई घराबाहेर कधी बोडक्यानं उभी राहिलेली रुबेननं पाहिली नव्हती. ओठ हलत होते. त्यांच्या लक्षात आलं होतं, सगळं नाही, पण इतकं, की आपण याला खाऊ घातलं आणि हे मेलं. जन्मभर त्या हेच धरून बसणार होत्या. सांगणार कुणालाच नाहीत, नुसत्या धरून बसतील. आणि दुकानात गल्ल्यावर बसलेल्या रुबेनला रोज आई दिसेल, अशीच, टोपी हातात घेतलेली.

"थांबा!" रुबेन म्हणाला.

सेवेरोंनी दोराची गाठ अर्ध्यात थांबवली.

"झुल्मे, ते वरचं तोंड बघ. जाळीच्या मागचं. जिथून हवा आत जाते."

"तिथं काय असणार? तिथं फक्त—"

"बघ तर. आईनं भरवलंय त्याला."

झुल्मा वळली. "काय भरवलंय?"

"मिस्तुरा," बासिलिया म्हणाल्या, इतक्या हळू की वाऱ्यात ऐकू येईना. मग एकदम मोठ्यानं, "मिस्तुरा आणि कोका आणि साखर! तोंड उघडं होतं त्याचं! मला वाटलं, एवढुसं आहे, भुकेलं असेल. मी तुझ्यासाठी केलं गं, माझ्या हातानं मी…"

"आणि मी बघितलं," रुबेन म्हणाला. "बघितलं, कळलं, आणि गप्प बसून बॉनेट लावलं. आईला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं."

फोर्तुनातोंनी मुलाकडं पाहिलं. थोबाडीत बसणार असं योलाला वाटलं, म्हणून ती नवऱ्याच्या पुढं येऊन उभी राहिली. पण म्हाताऱ्यानं हात उचलला नाही.

झुल्मा तोवर कामाला लागली होती. तिनं आधी ते चपटं नळकांडं सोडवलं. आत बोट घातलं आणि ओढलं, तर जाळीत साचून राहिलेल्या पाद्रीबाबांच्या तीर्थानं भिजून चिकट झालेला रंगीत कागदाचा एक लोळा बाहेर आला. मग दुसरा. मग पानं. मग तिनं फिल्टरची पेटी उघडली. आत फिल्टरच्या तोंडावर लाल-पिवळ्या-हिरव्या टिकल्यांचा जाड थर बसला होता, आणि त्याच्या मधोमध, अर्धी विरघळलेली, मोटारीचं चित्र अजून शाबूत असलेली गुलाबी वडी.

झुल्मा ती वडी हातात घेऊन बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. आधी जरासं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेना. "आई," ती म्हणाली, "अगं, माणसाच्या नाकात पुरणपोळी कोंबलीस, आणि म्हणतेस चालत का नाही!"

अर्थात पुरणपोळी ती म्हणाली नव्हती. ती आमच्याकडच्या सणाच्या पक्वान्नाचं नाव म्हणाली, पण तुम्हाला कळावं म्हणून मी हे घातलं. मुद्दा तोच.

योला हसली. रुबेन हसला, घाबरत घाबरत. बासिलियांना रडावं की हसावं कळेना, त्या दोन्ही करायला लागल्या. एकटे सेवेरो दोरखंड घेऊन उभे राहिले.

"कोम्पाद्रे," ते म्हणाले, "हे सगळं ठीक आहे, पण ओढायचं आहे की नाही?"

फोर्तुनातोंनी फिल्टर झुल्माच्या हातातून घेतला. टायरवर आपटला. टिकल्या उडाल्या. पुन्हा आपटला, उन्हात धरून त्यातून आरपार पाहिलं, फुंकर मारली, आणि मुलीकडं परत दिला.

"तुम्ही व्हा पुढं," ते सेवेरोंना म्हणाले. "आम्ही आलोच."

"पोती उतरवू का, पापा?" रुबेननं विचारलं. "तेवढीच हलकी होईल."

"एक शेंगसुद्धा उतरवायची नाही," झुल्मा म्हणाली. "बस तुझ्या जागेवर."

इंजिन सुरू झालं. पिवळा दिवा तसाच होता. तो मागाहून जाईल, असं तिनं वडिलांना सांगितलं. मग तिनं पाय दाबला.

फोर्तुनातोंना ते आधी पाठीत कळलं. सीट मागून येऊन पाठीला टेकली. पुढून एक बारीक शीळ ऐकू आली, आणि ते एवढंसं इंजिन, पाच माणसं, पोती, क्रेट आणि मासे घेऊन, चढाला असं लागलं की त्यांनी नकळत दाराची कडी धरली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. ज्या ठिकाणी चाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक गाडीला दम लागला होता, जिथं ते सवयीनं पुढं झुकून गाडीला मनातल्या मनात ढकलायचे, तिथं ते आजही झुकले. गाडीला ढकलायची गरज नव्हती. ती चढतच होती, आणि अजून पाय पुरता दाबलेलाही नव्हता.

चाळीस वर्षं. किती लोकांना मोठं घ्यायला लावलं आपण. चूक नव्हतं ते, तेव्हा दुसरं काही नव्हतंच. पण आता हे होतं, आणि ते आपल्या पोरीनं शोधलं, आणि आपण विचारलं बाकीचं इंजिन कुठंय. त्यांना लाज वाटली. खरोखर वाटली. ती निदान पुढच्या वळणापर्यंत टिकलीही असती, पण त्या वळणाच्या वर सेवेरोंच्या व्हॅगोनेटाची पाठ दिसली.

आठ सिलिंडर. सहा नातेवाईक. काळा धूर. चढाच्या सगळ्यात उभ्या भागात ती कण्हत होती.

म्हाताऱ्यातला व्यापारी जागा झाला.

"झुल्मा," ते म्हणाले, "रस्ता मोकळा आहे का पुढं?"

"आहे. वरपर्यंत दिसतोय."

"मग बघत काय बसलीस? हाण!"

"हाण, झुल्मे!" मागून रुबेन पोत्यांवरून ओरडला. "हाण! माझ्या शेंगांची शपथ आहे तुला!"

बासिलियांनी टोपी डोक्यावर घट्ट दाबली. झुल्मानं पाय शेवटपर्यंत नेला. शीळ उंच झाली आणि गाडी सेवेरोंच्या बरोबरीला आली. क्षणभर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी धावल्या. फोर्तुनातोंनी खिडकीची काच खाली केली, ओली झालेली नवी टोपी काढली, आणि अगदी सावकाश, अगदी अदबीनं, कोम्पाद्रेंना नमस्कार केला. मग सेवेरो मागं पडले, त्यांचा भोंगा मागं पडला, आणि माथ्यावरचा वारा टपावरच्या फुलांच्या पाकळ्या उडवत गाडीच्या दोन्ही अंगांनी निघून गेला. आत सगळे एकदम ओरडत होते, कोण काय ओरडतंय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज फोर्तुनातोंचा होता.

माथ्यावर झुल्मानं गाडी हळू केली. आरशातून तिला रुबेन दिसला. तो पोत्याची सुतळी उगाच उलगडत बसला होता.

"रुबेन," ती म्हणाली, "खरेदी मी करीन. पण विकणार कोण? माझ्यानं गोड बोलवत नाही गिऱ्हाइकाशी. मागच्या आठवड्यात एकाला मी सांगितलं की तुम्हाला गाडीतलं कळत नाही."

"खरं सांगितलंस?" रुबेननं विचारलं.

"तोंडावर."

"अगं बये," रुबेन कळवळून म्हणाला, "उद्यापासून तू गिऱ्हाइकाच्या समोर यायचं नाहीस. समजलं?"

"समजलं," झुल्मा म्हणाली. योलानं मागं हात करून नवऱ्याचा कान पिळला आणि तो तसाच धरून ठेवला.

तिकिनाला उतरले तेव्हा धक्क्यावर गाड्यांची रांग होती. तिथं सरोवर चिंचोळं होतं आणि गाड्या लाकडी तराफ्यावरून पार जातात. माणसांना वेगळी होडी. तराफ्यावर गाडीबरोबर एकटा मालक उभा राहतो, फळ्यांवर, चाकाला हात लावून. बाकीचं घरदार होडीतून बघतं. बोलिव्हियातल्या कुठल्याच नियमात हे लिहिलेलं नसेल, पण आमच्याकडे असंच करतात. कायिसायांच्या गाडीबरोबर आजवर दॉन फोर्तुनातो सोडून कुणी उभं राहिलेलं नव्हतं. गेल्या खेपेला गुडघा सुजून भोपळा झाला होता, तरी हेच.

तराफेवाल्यानं फळ्या टाकल्या. झुल्मानं गाडी वर चढवली, उतरली, आणि वडिलांसाठी जागा सोडून होडीकडं निघाली.

"कुठं चाललीस?" फोर्तुनातोंनी विचारलं.

"होडीत. आईबरोबर."

"होडी भरली," ते म्हणाले. होडी अर्धी रिकामी होती. त्यांनी बासिलियांचा हात धरला, कुबडी टेकली, आणि रुबेननं दिलेल्या खांद्यावर भार टाकून होडीत पाय ठेवला. बाकावर बसले, टोपी मांडीवर घेतली.

तराफेवाला बुचकळ्यात पडला. "दॉन फोर्तुनातो, गाडीबरोबर मालक लागतो."

"उभी आहे की," फोर्तुनातो म्हणाले. "दिसत नाही का तुला?"

झुल्मा फळ्यांवर उभी होती. तिनं चाकाला हात लावला. मग दुसराही लावला. तराफा काठावरून सुटला.

तेवढ्यात दॉन सेवेरो धक्क्यावर पोचले. गाडीतून उतरून, धापा टाकत, पाण्याच्या कडेपर्यंत आले. आधी तराफ्यावरच्या झुल्माकडं, मग होडीत बायकांच्यात बसलेल्या फोर्तुनातोंकडं बघत राहिले.

"कोम्पाद्रे!" त्यांनी हात उंचावून हाक मारली. "मला बोलायचंय तुमच्याशी! तसली आणखी आहे का एखादी?"

फोर्तुनातो होडीत उभे राहिले. होडी डुलली, बासिलिया ओरडल्या, रुबेननं मागून कंबर धरली.

"मला काय विचारता?" ते सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असे गरजले. "मालकिणीला विचारा!"